नाल्ट्रेक्सोन: दारू आणि पेनकिलर दोन्हीचं व्यसन असताना कसं सुरू करतात?

पाणंद

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या भावासाठी हा धागा काढते आहे. दादाची दारू जुनी आहे. मध्यंतरी पाठीच्या दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल सुरू झालं. दुखणं थांबलं, गोळ्या मात्र थांबल्या नाहीत. आता दोन्ही एकमेकांच्या आधाराने चाललंय. गोळी मिळाली नाही की पिणं वाढतं, पिणं आवरलं की गोळ्या वाढतात.

यावेळी तो आपणहून डॉक्टरांकडे गेला. त्यांनी सांगितलं, आधी दोन्ही देखरेखीखाली बंद करू, मग काही दिवस जाऊ देऊ आणि मग नाल्ट्रेक्सोन सुरू करू. घरात यावर दोन तट पडलेत. बाबा म्हणतात, मनाचा निश्चय नसेल तर गोळ्यांनी काय होणार, आणि निश्चय असेल तर गोळ्या कशाला? वहिनीला वाटतं की उद्याच्या उद्या औषध सुरू व्हावं, मध्ये दिवस कशाला घालवायचे? आणि दादा विचारतोय की आता या गोळीचीही सवय लागली तर?

हे औषध नेमकं करतं काय, मध्ये थांबायचं का, आणि दारू प्यायली की उलट्या होतात ते औषध हेच का? कुणाला अनुभव असेल तर मोकळेपणाने लिहा. माझ्यासाठी हा फार जवळचा विषय आहे.

शुक्रतारा

वाचतेय. आमच्याकडेही हेच आहे, फक्त ट्रॅमाडॉलच्या जागी कोडीनवालं खोकल्याचं औषध.

मनवैद्य

पाणंद, चांगला धागा. मी व्यसनोपचारात काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. दादांना तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द अर्थातच शेवटचा.

आपल्या मेंदूत एंडॉर्फिन नावाची रसायनं तयार होतात. ती ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ठरावीक जागेवर किंवा खुर्चीवर म्हणा, जाऊन बसतात, त्यावरच अफूवर्गातली सगळी द्रव्यं बसतात: मॉर्फिन, हेरॉइन, कोडीन, ट्रॅमाडॉल. दारू स्वतः त्या जागी बसत नाही, पण ती पोटात गेली की मेंदूतलं एंडॉर्फिन वाढतं. प्यायल्यावर जी 'किक' लागते तिचा मोठा भाग तिथून येतो. नाल्ट्रेक्सोन त्या खुर्चीवर आधीच जाऊन बसतं आणि स्वतः काहीच करत नाही. नशा देत नाही, गुंगी आणत नाही. फक्त दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. म्हणून एकच औषध दोन वेगळ्या व्यसनांवर चालतं. अमेरिकेत ते 1984 मध्ये ओपिऑइडच्या, म्हणजे याच अफूवर्गातल्या द्रव्यांच्या, व्यसनासाठी मंजूर झालं आणि दहा वर्षांनी, 1994 च्या अखेरीस, दारूसाठी.

दादांना सांगा, याची सवय लागत नाही. डोस वाढवत न्यावा लागत नाही आणि बंद केलं तर अंग मोडून येणं, घाम, तगमग असलं काही होत नाही. नेहमीचा डोस रोज 50 मिलिग्रॅमची एक गोळी.

आता मध्ये का थांबायचं. वहिनींना हे नीट समजावून सांगा, कारण खरा धोका इथे आहे. अंगात ट्रॅमाडॉल असताना नाल्ट्रेक्सोन दिलं तर ते रिसेप्टरवर बसलेलं सगळं एका झटक्यात उठवून लावतं. जो त्रास एरवी हळूहळू चढतो आणि उतरतो तो तासाभराच्या आत एकदम अंगावर येतो: उलट्या, जुलाब, दरदरून घाम, पोटात पेटके, जीव नकोसा होणं. आणि जागा अडवलेली असल्यामुळे वर पुन्हा गोळी घेऊनही उतारा पडत नाही. हे दोन दिवसांपर्यंत टिकू शकतं. एकदा असं झालं की माणूस पुन्हा त्या औषधाला हात लावायला तयार होत नाही. म्हणून ट्रॅमाडॉल, कोडीन, हेरॉइन यांसारखी कमी वेळ टिकणारी द्रव्यं बंद होऊन किमान 7 ते 10 दिवस जाऊ देतात. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, ही व्यसनोपचारात देतात ती जास्त वेळ टिकणारी ओपिऑइड, असेल तर दोन आठवड्यांपर्यंत. शुक्रतारा, कोडीनलाही हेच लागू.

लघवीच्या साध्या तपासणीवर पूर्ण भिस्त ठेवू नका. नेहमीच्या स्ट्रिपवर ट्रॅमाडॉल बऱ्याचदा दिसतच नाही. शंका असेल तर आम्ही आधी नॅलॉक्सोनचा छोटा डोस देऊन पाहतो. त्याचा असर लवकर ओसरतो, त्यामुळे त्रास झालाच तर थोडक्यात निभावतं. पण यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे दादांनी शेवटची गोळी कधी घेतली हे खरं सांगणं. ते खरं सांगू शकतील असं वातावरण घरात हवं.

आणि दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यानंतर भ्रम, भास, ताप, थरथर अशी अवस्था येऊ शकते. ती जिवावर बेतते. ट्रॅमाडॉलनेही फिट येण्याचा धोका वाढतो. म्हणजे तुमच्याकडे दोन कारणं एकत्र आहेत. नाल्ट्रेक्सोन या त्रासावरचं औषध नाही. त्यासाठी बेन्झोडायझेपिन गटातली औषधं आणि थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, हे ठरावीक दिवस देखरेखीखाली द्यावं लागतं. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे.

उशिराचा_पाऊस

मी दारूसाठी नाल्ट्रेक्सोन घेतो. डॉक्टरांनी यंत्रणा सांगितली, मी आतून कसं वाटतं ते सांगतो.

मला वाटलं होतं की गोळी घेतली की दारूची किळस येईल. तसं काही झालं नाही. पहिला ग्लास नेहमीसारखाच लागला. पण एरवी दुसऱ्यानंतर जो जोर यायचा, 'आता थांबायचं नाही' असा, तो आलाच नाही. ग्लास समोर अर्धा भरलेला, बाजूला टीव्ही चालू, आणि मला चक्क कंटाळा आला. उठलो आणि झोपायला गेलो. सकाळी तो ग्लास तसाच टेबलावर होता. माझ्या ग्लासात दारू उरलेली बायकोने तोवर पाहिली नव्हती. ती काही बोलली नाही, ग्लास विसळून ठेवला.

पुढे हळूहळू तलफच कमी होत गेली. सुरुवातीला मळमळ खूप व्हायची. डॉक्टरांनी अर्ध्या गोळीवर आणलं, पोटभर जेवणानंतर घ्यायला सांगितली, मग सोसली. डोकं दुखणं, थोडी सुस्ती, झोप उडणं हेही झालं आणि गेलं. बाबांना एवढंच सांगा की निश्चय माझ्याकडे आधीही होता. रोज सकाळी असायचा. संध्याकाळी तो टिकत नव्हता.

एकेक_दिवस

मी एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, मधला. बरीच वर्षं झाली, थेंब नाही. मी कसलंच औषध घेतलं नाही, त्यामुळे बाबांचं म्हणणं मला समजतं. मीटिंगमध्ये बसून जे मिळालं ते गोळीत मिळेल असं मला वाटत नाही. दारू सुटली तरी दारूडा स्वभाव तसाच राहतो: राग, खोटं बोलणं, स्वतःची कीव करणं. त्यावर औषध नाही. भीती एवढीच आहे की गोळी मिळाली की माणूस म्हणेल, झालं काम, आता मीटिंग कशाला.

आणि 'गोळी घेऊन थोडी प्यायली तरी चालते' हे वाचून मला खरंच काळजी वाटली. माझ्यासारख्याला 'थोडी' नावाची गोष्टच नाही.

उशिराचा_पाऊस

@एकेक_दिवस, तुमच्या वर्षांबद्दल मनापासून आदर आहे. 'थोडी चालते' असं मला म्हणायचं नव्हतं. आज मी पीत नाही. पण तिथपर्यंत मी त्या अर्ध्या ग्लासावरून आलो.

मनवैद्य

दोघांचंही म्हणणं खरं आहे आणि त्याला अभ्यासाचा आधारही आहे.

1992 मध्ये अमेरिकेत 70 माजी सैनिकांवर 12 आठवड्यांचा एक प्रयोग झाला. अर्ध्यांना नाल्ट्रेक्सोन, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. खोट्या गोळीच्या गटातले 54 टक्के लोक पुन्हा जोरात प्यायला लागले, नाल्ट्रेक्सोनच्या गटातले 23 टक्के. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. मध्येच दारू चाखली अशा लोकांकडे पाहिलं तेव्हा खोट्या गोळीवरच्या 20 पैकी 19 जण पूर्ण घसरले आणि नाल्ट्रेक्सोनवरच्या 16 पैकी 8. म्हणजे पहिला घोट टाळण्यापेक्षा पहिल्या घोटानंतरची घसरगुंडी थांबवण्यात या औषधाची खरी ताकद आहे. उशिराचा_पाऊस यांनी तेच स्वतःच्या शब्दांत लिहिलंय.

पण तो छोटा प्रयोग होता. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून 2014 मध्ये जो आढावा आला, त्यात असं दिसलं की साधारण 12 जणांना नाल्ट्रेक्सोनची गोळी दिली तर त्यांतला एक जास्तीचा माणूस जोरात पिण्याकडे परत जाण्यापासून वाचतो. अजिबात न पिण्याच्या बाबतीत आकडा आणखी कमी, 20 मागे एक. कुणी म्हणेल एवढंच? मला हा आकडा छोटा वाटत नाही. दारूने उद्ध्वस्त होणाऱ्या 12 घरांतलं एक घर केवळ गोळीमुळे सावरत असेल, तर ती गोळी समोर न ठेवणं मला पटत नाही. आणि तरीही बहुतेक रुग्णांना या औषधाचं नावही कुणी सांगितलेलं नसतं, याचा मला राग येतो.

एकेक_दिवस, तुमची भीती योग्य आहे. गोळी स्वभाव बदलत नाही. पण डोक्यातला दारूचा घोष थोडा कमी झाला की मीटिंगमध्ये काय चाललंय ते ऐकू येतं. एए स्वतःच सभासदांना सांगते की एकमेकांची डॉक्टरकी करू नका, औषधांचं डॉक्टरांना ठरवू द्या. माझे कित्येक रुग्ण सकाळी गोळी घेतात आणि संध्याकाळी मीटिंगला जातात.

राहिला 'थोडी'चा प्रश्न. पिण्याच्या तासभर आधी गोळी घ्यायची, अशी एक पद्धत आहे. पिणं कमी करायचंय पण लगेच बंद करायची तयारी नाही, अशांना ती उपयोगी पडू शकते. युरोपात याच जातीचं नाल्मेफीन 2013 मध्ये अशा गरजेपुरत्या वापरासाठी मंजूर झालं. पण यकृत खराब झालंय, फिट येऊन गेलीय, किंवा एका घोटानंतर थांबता येतच नाही, अशांसाठी पूर्ण बंद हेच ध्येय ठेवावं.

जाईजुई

मला रोजच्या गोळीबद्दल लिहायचंय, कारण ते कुणी सांगत नाही.

सुरुवातीला गोळी द्यायचं काम माझ्याकडे होतं. रोज सकाळी मी हातात गोळी आणि पाणी घेऊन उभी, आणि हे माझ्याकडे असे बघायचे की जणू मी पहारेकरी. 'घेतली का?' या एका प्रश्नावरून दिवसाची सुरुवात भांडणाने व्हायची. मग एकदा खिडकीच्या खाचेत अर्धवट विरघळलेल्या गोळ्या सापडल्या. जिभेखाली धरून ठेवायचे आणि मी वळले की तिथे टाकायचे.

समुपदेशकांनी आम्हा दोघांना एकत्र बसवलं आणि त्यांनाच विचारलं, तुम्हाला कशी मदत हवी? ते म्हणाले, मी ब्रश करताना स्वतः घेईन, तिने विचारायचं नाही, पण मी तिच्या समोर घेईन. एवढाच बदल. मी बाजूला चहा करत असते, ते बेसिनपाशी गोळी घेतात. कुणी काही बोलत नाही. त्यांची गोळी आता त्यांची झाली.

पाणंद ताई, वहिनींना हे जरूर सांगा. तिची इच्छा कितीही खरी असली तरी औषध दादांचं आहे.

पाणंद

जाईजुई, खूप खूप आभार. वहिनीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की मी पण अशीच उभी राहिले असते.

माईची_ओसरी

माझ्या मुलाची दारू काही सुटत नाही. तो डॉक्टरकडे येत नाही. मला एकांनी सांगितलं की डायसल्फिरामची पूड जेवणात कालवून द्यायची, त्याला कळतही नाही आणि प्यायला की असा त्रास होतो की आपोआप सुटते. हे नाल्ट्रेक्सोनपेक्षा बरं नाही का? मी आई आहे, दुसरा उपाय दिसत नाही.

औषधपेटी

माई, कृपा करून हे करू नका. मी फार्मासिस्ट आहे आणि हात जोडून सांगतो.

डायसल्फिराम पूर्ण वेगळं औषध आहे. दारू शरीरात गेली की तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, हा विषारी पदार्थ, आणि मग एक एन्झाइम त्याची वाट लावतं. डायसल्फिराम ते एन्झाइमच बंद पाडतं. मग विष रक्तात साठत जातं: चेहरा लालबुंद, छाती धडधडणं, उलट्या, श्वास लागणं, रक्तदाब खाली जाणं. 1940 च्या दशकात डेन्मार्कमधल्या संशोधकांना हा परिणाम लक्षात आला आणि 1951 पासून अमेरिकेत ते औषध म्हणून वापरात आहे. पण त्याचा सगळा उपयोग 'मी हे घेतलंय, म्हणून मला पिता येणार नाही' या माहितीत आहे. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा, नेहमीइतकाच पितो. हृदय कमजोर असेल तर त्यात जीव जाऊ शकतो. शेवटच्या डोसनंतरही 14 दिवसांपर्यंत ही प्रतिक्रिया येऊ शकते. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध किंवा माउथवॉशही पुरतं. मेट्रोनिडॅझोलसारखी साधी गोळी सोबत गेली तरी भ्रम होऊ शकतो, आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरला हे कशाने झालं ते कळणारच नाही.

आणि ज्या दिवशी त्याला समजेल, त्या दिवसापासून तो तुमच्या हातचं पाणीही पिणार नाही.

मनवैद्य

औषधपेटींशी शंभर टक्के सहमत. माई, मुलगा येत नसेल तर तुम्ही एकट्या या. कुटुंबीयांनी आधी येऊन भेटणं हा उपचाराचाच भाग आहे. घरच्यांनी कसं बोलायचं, कधी बोलायचं, पैसे कुठे थांबवायचे हे शिकल्यावर न येणारी माणसं पुढे येतात, हे मी वारंवार पाहिलंय. तुम्ही एकट्या पडल्या आहात असं समजू नका.

माईची_ओसरी

बरं बाळांनो. देत नाही.

परतवाट

मी हेरॉइनवाला. माझ्या बाजूचंही कुणीतरी लिहायला हवं, कारण दारू आणि ओपिऑइड यांत एक फरक आहे.

नाल्ट्रेक्सोन माझ्यासाठी चाललं नाही. औषध वाईट नव्हतं. पण आधी सगळं थांबवून कोरडे दिवस काढायचे, तेच मला जमायचं नाही. मी ब्युप्रेनॉर्फिनवर आलो आणि त्यावर आयुष्य परत मिळालं. ते त्याच जागी बसतं आणि थोडंसं काम करतं, त्यामुळे अंग दुखत नाही, तलफ येत नाही, आणि एका मर्यादेपलीकडे त्याचा असर वाढत नाही म्हणून श्वास थांबण्याचा धोका हेरॉइनपेक्षा कितीतरी कमी. गोळी जिभेखाली विरघळू द्यायची, गिळायची नाही. विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायची आणि तासाभराने दात घासायचे, दात टिकतात.

'एक नशा सोडून दुसरी धरली' हे मी नातेवाइकांकडून, ओळखीच्यांकडून, एका उपचार केंद्रातल्या कर्मचाऱ्याकडूनही ऐकलंय. मी सकाळी कामाला जातो, मुलीचा अभ्यास घेतो, कुणाकडे पैसे मागत नाही, सुई नाही. याला नशा म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि दादांच्या घरच्यांना हे कळलंच पाहिजे: नाल्ट्रेक्सोन मध्येच सोडून कुणी परत पूर्वीच्याच डोसला हात घातला, तर तो डोस आता जीव घेतो. शरीराची सवय गेलेली असते. माझा एक मित्र असाच गेला. तो औषधावर होता तेव्हा आम्ही सगळे म्हणायचो, हा सुटला.

मनवैद्य

परतवाट, तुमच्या मित्राबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंय ते प्रत्येक कुटुंबाला पहिल्याच भेटीत सांगितलं पाहिजे. अंगात नाल्ट्रेक्सोन असताना नशेचा जास्त डोस घेऊन त्यावर मात करायला जाणं हेही तितकंच घातक.

ओपिऑइडच्या बाबतीत मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन यांचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे. 1965 मध्ये न्यूयॉर्कमध्ये डोल आणि नायस्वाँडर या दोघांनी मेथाडोनवरचं काम प्रसिद्ध केलं, तेव्हापासून हे दिसत आलंय की जे या उपचारात टिकतात त्यांच्यात मृत्यू निम्म्याहून कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्येच दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट त्याच यादीत दारूसाठी 2023 मध्ये आली, म्हणजे त्यानंतर अठरा वर्षांनी.

2018 मध्ये अमेरिकेत 570 रुग्णांवर नाल्ट्रेक्सोनचं महिन्याचं इंजेक्शन आणि ब्युप्रेनॉर्फिन यांची थेट तुलना झाली. इंजेक्शनच्या गटातल्या 28 टक्के लोकांना ते सुरूच करता आलं नाही, ब्युप्रेनॉर्फिनच्या गटात हा आकडा 6 टक्के. मात्र ज्यांनी सुरू केलं त्यांच्यात पुढे दोन्हींचा फायदा जवळपास सारखा. परतवाट यांनी सांगितलेला कोरड्या दिवसांचा डोंगर तो हाच.

मग दादांना ब्युप्रेनॉर्फिन का नाही? ते जोरात पितात, आणि ब्युप्रेनॉर्फिनसोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या गेल्या तर श्वास मंदावतो. दारू आणि ट्रॅमाडॉल दोन्हीसाठी एकच औषध म्हणून नाल्ट्रेक्सोनचा विचार झाला असावा. पण कोरडे दिवस निघालेच नाहीत तर हट्टाने तिथेच अडकू नका, दुसरा रस्ता आहे हे डॉक्टरांशी बोला.

शुक्रतारा

नॅलॉक्सोन आणि नाल्ट्रेक्सोन, दोन वेगळी ना? माझा गोंधळ होतोय.

औषधपेटी

वेगळी. नॅलॉक्सोन तातडीचं आहे. ओपिऑइडचा डोस जास्त होऊन माणूस हलवल्यावर उठत नसेल, श्वास अगदी सावकाश किंवा घरघरत चालला असेल, ओठ-नखं निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तर नाकात मारायचा स्प्रे किंवा इंजेक्शन. मिनिटांत काम करतं. आधी ॲम्ब्युलन्सला फोन, मग स्प्रे, श्वास देणं चालू ठेवायचं, आणि शुद्ध आली तरी एकटं सोडायचं नाही, कारण त्याचा असर तास-दीड तासात उतरतो आणि श्वास परत बसू शकतो. नाल्ट्रेक्सोनची गोळी अशा वेळी उपयोगाची नाही. ज्या घरात ओपिऑइडचं व्यसन आहे तिथे नॅलॉक्सोन मिळत असेल तर जरूर ठेवा, आणि कुठे ठेवलंय ते सगळ्यांना माहीत असू द्या.

कौलारू

यकृत आधीच थोडं खराब असेल तर? माझ्या काकांना म्हणून नको म्हटलं.

मनवैद्य

पूर्वी नाल्ट्रेक्सोनच्या पाकिटावर यकृताबद्दल ठळक चौकटीत इशारा असायचा, कारण फार मोठ्या डोसला यकृताची एन्झाइम वाढलेली दिसली होती. नेहमीच्या डोसला तसं दिसत नाही म्हणून अमेरिकेत 2013 मध्ये तो इशारा काढला. दारूच यकृताला कितीतरी जास्त खाते. तरी सुरू करण्यापूर्वी आणि अधूनमधून रक्ततपासणी करतात, आणि तीव्र हिपॅटायटिस किंवा निकामी होत चाललेलं यकृत असेल तर टाळतात. काकांसाठी अ‍ॅकॅम्प्रोसेटबद्दल विचारा. ते यकृतातून जात नाही, मूत्रपिंडातून जातं, म्हणून तिथे मूत्रपिंड तपासायचं. दिवसातून तीनदा 666 मिलिग्रॅम, त्यामुळे गोळ्या बऱ्याच होतात. पण दारू थांबवलेल्याला थांबलेलंच राहायला ते चांगली मदत करतं.

पाणंद

सगळ्यांचे आभार. काल दादासोबत बसून अख्खा धागा वाचला. परतवाट यांचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला. शेवटच्या गोळीबद्दल त्याने डॉक्टरांना सांगितलं होतं त्यापेक्षा खरी तारीख अलीकडची होती, ते त्याने आपणहून आम्हाला सांगितलं आणि आज डॉक्टरांना फोन करून कळवलं. त्यामुळे नाल्ट्रेक्सोन पुढे ढकललं आहे. वहिनी रागावली नाही. बाबा म्हणाले, पुढच्या वेळी मी येतो सोबत.

अजून दोन प्रश्न. गोळीऐवजी इंजेक्शन घ्यावं का? आणि दादाचा एक दात काढायचा आहे, तेव्हा वेदनेचं काय?

मनवैद्य

ती तारीख खरी सांगितली, हे फार मोठं काम केलं दादांनी. माझ्याकडून त्यांना शाबासकी सांगा.

इंजेक्शन 380 मिलिग्रॅमचं असतं, कुल्ल्याच्या स्नायूत, दर चार आठवड्यांनी. रोज सकाळचा निर्णय महिन्यातून एकदाच घ्यावा लागतो हा मोठा फायदा, आणि ओपिऑइडच्या बाबतीत तर नुसत्या गोळीवर लोक फारसे टिकत नाहीत. पण एकदा दिलं की परत काढता येत नाही, म्हणून काही दिवस गोळी सोसते का ते पाहून मग देणं बरं. टोचल्या जागी गाठ किंवा दुखणं येतं. वाढत जाणारी सूज असेल, कातडी काळी पडत असेल तर लगेच दाखवा. शिवाय महिना संपत आला की पकड सैल होते, पुढची तारीख चुकवू नका. सगळीकडे ते मिळतंच असं नाही.

औषधपेटी

दाताचं मी सांगतो. भूल देण्याचं इंजेक्शन नेहमीसारखं काम करेल, त्याचा या रिसेप्टरशी संबंध नाही. नंतर आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल चालतात, पण यकृत आणि पोट कसं आहे ते विचारून. चालणार नाहीत ती ट्रॅमाडॉल आणि कोडीनवाली, आणि दादांना ती एरवीही नकोतच, हे दंतवैद्यांना आधीच सांगा. मोठं ऑपरेशन ठरलेलं असेल तर गोळी साधारण 72 तास आधी थांबवतात आणि इंजेक्शन असेल तर चार आठवडे जाऊ देतात, पण हे व्यसनोपचाराच्या डॉक्टरांशी बोलूनच, कारण त्या मोकळ्या दिवसांत घसरण्याचा धोका असतो.

अपघात सांगून येत नाही, म्हणून दादांच्या पाकिटात एक कार्ड ठेवा. 'नाल्ट्रेक्सोन चालू आहे', डोस, गोळी की इंजेक्शन, डॉक्टरांचा फोन, आणि शेवटचा डोस कधी घेतला ती तारीख. वेदना कशी थांबवायची हे भूलतज्ज्ञ त्या तारखेवरून ठरवतात, म्हणून दर इंजेक्शनला ती बदलत जा.